ब्लाउज कुणी शिवला?

मागच्या मंगळवारी संध्याकाळच्या बॅचला दिवाळीवर सहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. कॉलेज रोडला लागून असलेल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या खोलीत मी फ्रेंच शिकवते. सात जणांची बॅच. बहुतेक अकरावी-बारावीची मुलं, आणि एक जण वायनरीत पाहुण्यांना फिरवून दाखवायचं काम करणारा. अकरावीतल्या एका मुलीने उभं राहून वाचलं, "पूर दिवाली, झे कुझ्यु युन रॉब." दिवाळीसाठी मी ड्रेस शिवला.

"तू शिवलास?" मी विचारलं.

"हो मॅडम."

"स्वतः? मशीनवर बसून?"

"नाही मॅडम, टेलरकडे शिवला."

यात चुकलं काय, हे वर्गात कुणालाच कळेना. व्याकरण बरोबर होतं, क्रियापदाचं रूप बरोबर होतं. पण ते वाक्य फ्रेंच माणसाच्या कानावर पडलं असतं, तर शिवणकाम कुठे शिकलीस, असं त्याने तिला कौतुकाने विचारलं असतं. मी फळ्यावर लिहिलं: झे फे फेर युन रॉब. मी ड्रेस करवून घेतला. (फ्रेंच उच्चार देवनागरीत जवळपासच उतरतात, ते सांभाळून घ्या.) फेर म्हणजे करणे. त्याचंच भूतकाळी रूप फे, आणि त्याला चिकटून पुन्हा मूळ फेर. एक "केलं" माझं, दुसरं "करणं" शिंप्याचं.

मराठीत आपण सहसा असं बोलत नाही. मी घर बांधलं. मी केस कापले. मी रक्त तपासलं. मी गाडी सर्व्हिसिंग केली. "बांधून घेतलं", "कापून घेतले" ही रूपं आपल्याकडे आहेत, मुबलक आहेत, पण ती वापरायची सक्ती नाही. ऐकणाऱ्याला कळतंच की गवंडी होता, न्हावी होता. फ्रेंचमध्ये मात्र "झ म स्वि कुपे ले शव्हो" म्हटलं की आरशासमोर उभं राहून, हातात कात्री घेऊन, मीच माझे केस कापले. सलूनमध्ये गेले असेन, तर मध्ये फे घालायलाच हवा: "झ म स्वि फे कुपे ले शव्हो." घराचंही तेच: "झे फे कोंस्त्रुइर युन मेझों." गवंड्याचं नाव या वाक्यात नाही, पण त्याची जागा राखलेली आहे.

ही गोष्ट मला इतकी का लागते, ते सांगायला पंचवटीत जावं लागेल. जुन्या वाड्यातल्या दोन खोल्या, आणि बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ आईचं पायाचं मशीन. आईने तीस वर्षं ब्लाउज शिवले. अस्तराचे, कटोरीचे, प्रिन्सेस कटचे, येवल्याच्या पैठणीवरचे काठ जुळवून शिवलेले. लग्नसराईत कपड्यांच्या पिशव्या पलंगाखालीही मावायच्या नाहीत. प्रत्येक पिशवीत मापाचा एक जुना ब्लाउज आणि चिठ्ठीवर तारीख. मी आठ-नऊ वर्षांची असताना एका लग्नात आईबरोबर गेले होते. एक काकू चारचौघींत हात पुढे करून बाहीची पायपिंग दाखवत होत्या, "हा मी लग्नासाठी मुद्दाम शिवला." आई त्यांच्या शेजारीच उभी होती. ती हसली आणि म्हणाली, "छान बसलाय." त्या काकूंचं काही चुकलं नव्हतं. मराठीत तसंच म्हणतात. त्यांनी शिलाईचे पैसे वेळेवर दिले होते आणि त्या आईशी नेहमी गोड बोलायच्या. पण मला आठवतंय, मी घरी येईपर्यंत आईचं बोट सोडलं नाही.

पुढे कॉलेजात फ्रेंच घेतलं, तेव्हा हा विषय मला एका तक्त्यातून शिकवला गेला. डाव्या रकान्यात साधं वाक्य, उजव्या रकान्यात फेर घातलेलं. आम्ही तो तक्ता पाठ केला आणि परीक्षेत उतरवला. त्यातलं एक वाक्य शिंप्याचं होतं, आणि ते पाठ करताना एकदम ते लग्न आठवलं. त्यानंतर तक्त्याची गरज उरली नाही.

आता थोडं आतलं सांगते, कारण मुलं नेमकी कुठे अडखळतात ते इतक्या वर्षांत मला ठाऊक झालंय.

पहिली गोष्ट, फेर आणि पुढचं क्रियापद यांची जोडी फुटत नाही. "मी मुलांना गायला लावते" हे मराठी डोक्याने लिहिताना मुलं मधोमध येऊन बसतात. फ्रेंचमध्ये "झ फे शाँते ले झाँफाँ": करते-गाणं एकत्र, मुलं मागे. मुलांऐवजी "त्यांना" म्हणायचं असेल, तर तो छोटा शब्द थेट फेच्या आधी जातो: "झ ले फे शाँते." फक्त आज्ञा देताना तो मागे येतो, "फेत-ले शाँते." नकार द्यायचा तर तोही फेभोवतीच गुंडाळायचा. मी वर्गात सांगते, "करवते" हा मराठीत एक शब्द आहे ना? त्याच्या मध्ये काही घालता येतं का? फ्रेंचने त्याचे दोन तुकडे लिहिले आहेत एवढंच. मनाने तो एकच शब्द आहे. हे सांगितलं की निम्म्या चुका थांबतात. (एक सावधगिरी: "त्याला गायला लावणं" याचा फ्रेंचमध्ये दुसरा अर्थ ब्लॅकमेल करणं असा होतो. गाण्याच्या मास्तरांवर निबंध लिहिताना जपून.)

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार आवडते. काम करणारा वाक्यात आणायचा तर कसा आणायचा? क्रियापदाला दुसरं कर्म नसेल, तर तो सरळ कर्म होऊन बसतो: "झ फे माँझे ल बेबे", मी बाळाला भरवते. पण वरणभात आला की वरणभात कर्म होतो आणि बाळाच्या आधी "आ" लागतो, आपल्या "ला"सारखा. बाळाऐवजी "त्याला" म्हणायचं, तर "ल"चा "ल्वि" होतो. आणि तिसरा मार्ग "पार"चा, म्हणजे आपला "कडून".

"आ" की "पार", हा प्रश्न दरवर्षी येतो. उत्तर मराठीतच सापडतं. "मुलीला कविता वाचायला लावली" आणि "मुलीकडून कविता वाचून घेतली" ही दोन वाक्यं म्हणून बघा. पहिल्यात माझं लक्ष मुलीवर आहे. ती लाजत होती, तिला उभं केलं. दुसऱ्यात लक्ष कवितेवर आहे. कविता वाचून व्हायला हवी होती, ती तिने वाचली. फ्रेंच "आ" आणि "पार" यांच्यातला फरक जवळजवळ हाच आहे. खाण्यापिण्यात तर "आ"च हवा. बाळाकडून वरणभात खाववून घेतला, असं मराठीत कोण म्हणेल? "पार" तिथे फ्रेंच कानालाही तसाच खटकतो. एक अडचण मात्र आहे. "झ फे एक्रिर युन लेत्र आ मा मेर" याचे दोन अर्थ होतात: आईकडून पत्र लिहवते, किंवा आईला पत्र पाठवायला दुसऱ्या कुणाकडून तरी लिहवते. घोळ नको असेल, तर लिहिणाऱ्याला "पार" द्यायचा.

शाळेत संस्कृत होतं, म्हणून हे वाचताना पाणिनी आठवल्यावाचून राहत नाही. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायात, चौथ्या पादात त्याने हाच प्रश्न हाती घेतला आहे. जाणं, कळणं, खाणं अशा अर्थांचे धातू आणि अकर्मक धातू असतील, तर मूळ कर्ता प्रयोजक, म्हणजे करवण्याच्या, वाक्यात कर्म होतो: "माता बालम् अन्नं भोजयति." एरवी तो तृतीयेत जातो: "देवदत्तेन ओदनं पाचयति", देवदत्ताकडून भात शिजवून घेतो. एकाला द्वितीया, दुसऱ्याला तृतीया. एकाला "ला", दुसऱ्याला "कडून". एकाला "आ", दुसऱ्याला "पार". नेमक्या सीमारेषा तिन्ही भाषांत वेगळ्या आहेत, पण जेवू घालणं वेगळं आणि काम करवून घेणं वेगळं, हे तिघींनाही जाणवलं आहे.

त्याच पादातली 54 आणि 55 ही दोन सूत्रं मी वर्गात मुद्दाम सांगते, फ्रेंचच्या तासाला संस्कृत कशाला, असं मुलांच्या चेहऱ्यावर दिसलं तरी. "स्वतन्त्रः कर्ता": जो स्वतंत्र, तो कर्ता. आणि लगेच पुढे "तत्प्रयोजको हेतुश्च": त्याला जो प्रवृत्त करतो तो हेतू, आणि तोही कर्ता. म्हणजे करवून घेणाऱ्याला पाणिनीने कर्ता म्हटलं, पण प्रत्यक्ष करणाऱ्याचं "स्वतंत्र" हे विशेषण काढून घेतलं नाही. शिंपी सांगितलेलं काम करतो, तरी कात्री चालवताना तो स्वतंत्र असतो. कापड बेतताना आईला कुणी बोललेलं चालायचं नाही, त्याची आठवण येते.

बॅचमधला एक मुलगा दिंडोरीकडचा, घरी द्राक्षबाग. त्याने लिहिलं होतं, "आँन ऑक्तोब्र, मों पेर ताय ला व्हिन्य." ऑक्टोबरात माझे वडील बागेची छाटणी करतात. ड्रेसची चर्चा झाल्यावर त्याने आपली वही पुन्हा उघडली.

"मॅडम, माझंही चुकलं. छाटणीला पेठ-सुरगाण्याची माणसं येतात. फे ताये पाहिजे."

"मग बदल."

"पण पप्पा स्वतः पण करतात ना त्यांच्यासोबत. कात्री घेऊन. पहिली ओळ तेच करून दाखवतात."

मी म्हटलं, मग दोन्ही लिही. त्याने लिहिलं: "मों पेर फे ताये ला व्हिन्य, ए इल ताय ओसी." वडील छाटणी करवून घेतात, आणि स्वतःही छाटतात. "आम्ही गोडी छाटणी केली" (ऑक्टोबरातल्या छाटणीला गोडी म्हणतात) या आपल्याकडच्या वाक्यात मालक, घरची माणसं आणि पेठहून आलेल्या टोळ्या सगळे एकत्र मावतात. त्यातही एक आपलेपण आहे, ते मी नाकारत नाही. पण कोण कुठे उभं होतं, ते त्या मुलाच्या वाक्याने सांगितलं. मी त्याला पूर्ण गुण दिले.

स्वयंपाकघरात फेर सतत लागतो, कारण फ्रेंचमध्ये भात स्वतः शिजतो आणि माणूस फक्त त्याला शिजायला लावतो: फेर क्विर. लोणी वितळतं, आपण फेर फोंद्र करतो. टोमॅटो वाढतात, शेतकरी फेर पुसे करतो. मराठीत शिजणे-शिजवणे, वितळणे-वितळवणे, पिकणे-पिकवणे. एका "व"त आपलं काम होतं, आणि कधीकधी तेवढंही लागत नाही. पडणे-पाडणे, जळणे-जाळणे, मरणे-मारणे असा नुसता स्वर बदलतो. पण एक जोडी मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी वही बंद करून शांत बसून राहिले होते. फ्रेंच पाककृतीत कांदा तेला-लोण्यावर भाजून घ्या हे सांगायला "फेर रव्हनीर" म्हणतात, शब्दशः "परत यायला लावा". आणि आपण काय म्हणतो? कांदा परता. परतणे म्हणजे माघारी येणे, आणि परतणे म्हणजे कढईत उलथणे. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता कांद्याला एकाच वाटेने माघारी बोलावलं.

"करू देणे" याला वेगळं क्रियापद आहे, लेसे. ते फेरपेक्षा सैल आहे, मुलांना मध्ये बसू देतं. आणि "मला दुःखी केलं" अशा वाक्यात विशेषण असेल तर फेर चालत नाही, राँद्र लागतं. हे दोन्ही सरावाने येतं.

सक्ती, विनंती, पैसे देऊन काम, प्रेमाने भरवणं, या सगळ्याला फ्रेंचमध्ये एकच फेर. इथे मात्र मराठी श्रीमंत आहे. करायला लावलं, यात धाक आहे. करून घेतलं, यात आपला फायदा आहे. करवलं, यात नुसती घटना आहे. म्हणून फ्रेंचमधून मराठीत आणताना प्रत्येक फेरपाशी थांबून विचारावं लागतं: इथे लावलं, की घेतलं? कथेतली मोलकरीण रडत होती की हसत होती, ते पाहिल्याशिवाय क्रियापद ठरत नाही. आणि कधीकधी तर इच्छाही नसते. "इल स फे व्होले सों तेलेफोन" म्हणजे त्याचा फोन चोरीला जातो. त्याने चोरी "करवून घेतली" असं मुळीच नाही. बसस्टँडवर फोन गेलेल्या माणसाला "लावलं", "घेतलं" यातलं काहीच लावता येत नाही. तिथे मराठीत "गेला" हाच शब्द खरा.

मराठीतल्या त्या "व"ची आणखी एक बाजू आहे, आणि ती फेरच्या कक्षेत येतच नाही. वायनरीतल्या मुलाने विचारलं, "मॅडम, 'आजोबांना चालवत नाही' याचं फ्रेंच काय? फेर मार्शे?" नाही. "आजोबा गाडी चालवत नाहीत" यातला "व" करवण्याचा. "आजोबांना चालवत नाही" यातला "व" शक्यतेचा; पाय साथ देत नाहीत. रूप तेच, अर्थ दुसऱ्या टोकाचा. फ्रेंचमध्ये तिथे पुव्वार येतं, "इल न प प्ल्यु मार्शे". त्याला हे समजावताना माझ्या मनात वेगळंच वाक्य होतं: आईला आता मशीनवर फार वेळ बसवत नाही.

आता शेवटची गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

मराठीत भूतकाळातलं क्रियापद कर्माच्या मागे जातं. मी झगा शिवला, चोळी शिवली, परकर शिवले. फ्रेंचमध्येही असं होतं, पण कर्म आधी आलं असेल तरच. "मी केलेले झगे": "ले रॉब क झे फेत". रॉब स्त्रीलिंगी, अनेकवचनी, म्हणून फेचं फेत होतं आणि शेवटचा "त" स्पष्ट ऐकू येतो. पण झगे करवून घेतले असतील, तर "ले रॉब क झे फे फेर". "त" नाही. फेर जोडीत असलं की त्याचं हे भूतकाळी रूप कधीच बदलत नाही. (1990च्या लेखन-सुधारणांनी लेसेलाही हाच नियम लावायची शिफारस केली.) कारण साधं आहे: झगे माझ्या "फे"चं कर्म नाहीतच. ते पुढच्या फेरचं कर्म आहेत, म्हणजे शिवणाऱ्याच्या कामाचं. माझं क्रियापद त्या झग्यांशी जुळू शकत नाही, कारण माझा हात त्यांना लागलेलाच नाही.

म्हणजे तो "त" ज्याने शिवलं त्याचा. "ले रॉब क मा मेर आ फेत", आईने केलेले झगे: इथे "त" आहे. ग्राहक बोलताना तो "त" नाहीसा होतो. व्याकरणाच्या पुस्तकात हे चार ओळींत, बारीक अक्षरात दिलेलं असतं. मी त्या चार ओळींवर अख्खा तास घेते.

रविवारी आईकडे गेले होते. ती आता ब्लाउज घेत नाही, फक्त फॉल-बिडिंग आणि नातींची झबली. मी तिला ही दोन्ही वाक्यं वाचून दाखवली. आधी ग्राहकाचं, मग तिचं. अर्थ सांगितला. ती चष्मा कपाळावर सरकवून ऐकत होती.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.

मी दोन्ही पुन्हा म्हटली.

"दुसऱ्यात शेवटी त आहे."

"हो. तो तुझा."

आईने हातातली सुई पिनकुशनला टोचली. जरा विचार करून म्हणाली, "अगं, पण हुक-काजं मी कुठं करायचे? ती शेजारच्या काकू करून द्यायच्या, सगळी वर्षं. लग्नसराईत रात्री बारा बारा वाजेपर्यंत. त्यांचं काय लिहिशील?"

मी तिच्याच टेबलावरचा खडू घेतला आणि कापड बेतायच्या कागदावर तिसरं वाक्य लिहिलं. आईने हुक-काजं काकूंकडून करवून घेतली. मा मेर कर्ता, त्यापुढे आ फे फेर, मग हुक-काजं, आणि शेवटी पार लावून काकूंचं नाव. आईने मला ते नाव दोनदा म्हणायला लावलं.